कुटुंबासाठी हॉटेल

"या खोलीत उंटसुद्धा पाय पसरून झोपेल, आजी. आता हिलाही नाही म्हणू नकोस," मतर म्हणाला.

सलामा पडदा सारून खाली बघत होती. रस्त्यापलीकडे थीम पार्कमधले आकाशपाळणे फिरत होते आणि पोरांच्या किंकाळ्या बंद काचेतूनही ऐकू येत होत्या. तिच्या तरुणपणी या बेटावर मासळी वाळत घालायचे. बाकी नुसती वाळू.

"आवाज बराच आहे," ती म्हणाली. "चांगलं आहे."

सकाळपासूनचं हे तिसरं हॉटेल. पहिल्यात मुलांच्या तलावाला लागूनच दारूचा बार होता. दुसऱ्यातली जेवायची जागा सगळी काचेची. "अफ्राला काय दुकानात मांडायचंय?" असं म्हणून ती कॉफी न घेताच उठली होती.

सून हेस्सा पलंगाच्या कडेला टेकली. "आई, लोक लग्नाचा हॉलसुद्धा इतका पारखून घेत नाहीत."

"हॉल चुकला तर चार दिवस बोलतात आणि विसरतात. ही भेट चुकली तर पोर पुन्हा उभी राहायची नाही."

अफ्रा हेस्साचीच मुलगी. तिची दोन लग्नं ठरून मोडली होती. अल ऐनच्या त्यांच्या गल्लीत पाहुण्यांच्या गाड्या आल्या तेव्हा शेजारणी गच्चीवर होत्या, आणि पुन्हा आल्या नाहीत तेव्हाही होत्या. तिशी उलटल्यावर अफ्रानं सांगून टाकलं, आता मला बघायला या घरात कुणी यायचं नाही.

मग सलामानंच तोड काढली. अफ्रासाठी सांगून आलेल्या रास अल खैमाच्या सुहैलकडची माणसं आणि आपण, दोघांनीही सुट्टी म्हणून यायचं. मतरची दोन्ही पोरं बरोबर घ्यायची. हॉटेल एकच. बायकांचं बोलणं होईल, मुलगा-मुलगी एकमेकांना बघतील. जमलं तर पुरुष बसून पुढचं ठरवतील. नाही जमलं तर पोरं पाळण्यात बसून आली, एवढंच.

"बाळ आहे ना बरोबर? ही खाट ठेवू की काढू?" खोली दाखवणाऱ्या बाईनं कोपऱ्यातल्या छोट्या खाटेकडे बोट करून विचारलं.

"बाळ आहे, बहात्तर वर्षांचं," मतर म्हणाला. "पण हट्ट एवढे आहेत की या खाटेत मावायचे नाहीत."

हेस्सा खुदकन हसली. सलामाचा हात मात्र खाटेच्या कठड्यावर तसाच राहिला. तिचा शेवटचा मुलगा, घानेम, इस्पितळातच जन्मला आणि तिथेच गेला. छाती दुधानं भरून यायची आणि कुशीत कुणी नसायचं. हेस्सा तेव्हा सून म्हणून घरात आलीही नव्हती. त्या दिवसांबद्दल सलामा कधी कुणाशी बोलली नाही. कुणी विचारलंही नाही.

"राहू दे खाट," ती म्हणाली. "मतर, हेच हॉटेल घे."

शुक्रवारी दुपारी खालच्या उपाहारगृहातल्या कुटुंबांच्या पडदेवाल्या कोपऱ्यात सगळे बसले. सलामाची निवड चुकली नव्हती. आजूबाजूला पोरांचा असा काही गलका होता की कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं.

"अर्धा तास, आजी," अफ्रा तिच्या कानात म्हणाली. "मग मी पोरांबरोबर पार्कात जाणार."

"जा की. मी काय बांधून ठेवतेय?"

सुहैल आत आला तशी हेस्सानं ओढणी सारखी केली. सलामाच्या चेहऱ्यावर जुन्या बायका बांधतात ती सोनेरी मुखपट्टी होती. ती तिनं नाकावर नीट बसवली. सुहैल आईशेजारी बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "तुमच्या मतरच्या पोरांनी मला त्या उलट्या फिरणाऱ्या गाडीत बसवलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मी आत्ता सरळ बसलोय ना, तेवढं सांगा."

"जरा डावीकडे कललायत," अफ्रा म्हणाली.

तो हसला. तीही हसली. किती वर्षांनी हे हसणं ऐकतेय, असं सलामाच्या मनात आलं. ती मनातल्या मनात देवाचं नाव घेऊ लागली.

हेस्सानं कॉफी ओतली. सुहैलच्या आईनं पेला हातात घेतला, पण ओठाला लावला नाही.

"आधी एक विचारते. फोनवर विचारण्यासारखं नव्हतं, म्हणून थांबले. सुहैल झाला तेव्हा याचे वडील फौजेत होते, आम्ही अल ऐनला राहायचो. मला ताप चढला, शुद्ध हरपली. इस्पितळात पडद्यापलीकडे एक बाई होती. तिनं याला आठवडाभर स्वतःचं दूध पाजलं. मी शुद्धीवर आले तोवर ती घरी गेली होती. नावसुद्धा कळलं नाही मला."

"अल्ला तिचं भलं करो," हेस्सा म्हणाली.

"ती भेटली तर माझ्याइतकीच याची आई ती. याच्यापुढे तिला तोंड झाकायचं कारण नाही. तिच्या लेकी याच्या बहिणी, तिच्या नाती याच्या पुतण्या-भाच्या. त्यांच्यातल्या कुणाशी याचं लग्न लागायचं नाही. म्हणून मी ज्या घरी जाते तिथे आधी विचारते. तुमच्याकडे कुणी कधी परक्याच्या बाळाला पाजलंय का?"

"छे, छे. आमच्याकडे कुणी नाही," हेस्सा लगेच म्हणाली. "असतं तर आईंनी सांगितलं नसतं का? त्यांना तर माझ्या लग्नात कोण कुठे बसलं होतं तेही आठवतं."

"सुटले बाई," सुहैलची आई म्हणाली आणि तिनं कॉफीचा घोट घेतला.

पडद्याबाहेरून पोरं अफ्राला हाका मारत होती. "थांबा रे जरा," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच मान वर करून तिनं सुहैलकडे सरळ बघितलं.

सलामानं नातीचा हात हातात घेतला, घट्ट दाबला आणि सोडला. मग दोन्ही हात डोक्यामागे नेऊन तिनं मुखपट्टीची गाठ सोडली आणि उघड्या चेहऱ्यानं सुहैलकडे बघितलं.