खूप आवडते

दीप्ती मॅडमनी टॅबचा पडदा पालकांकडे वळवला. त्यावर कलचाचणीच्या निकालाच्या रंगीत पट्ट्या होत्या. सगळ्यांत उंच पट्टी हिरवी होती.

"सेवा आणि गृहव्यवस्थापन," मॅडम म्हणाल्या. "आचलचा कल इकडे आहे. बहुत क्लिअर रिझल्ट है."

उदाराम खुर्चीच्या टोकाशी बसला होता. आमगावच्या एका राइस मिलच्या फाटकावर धानाची पोती तपासायचं त्याचं काम. कामावरून तसाच आला होता, बाहीला कोंडा लागलेला. शेजारच्या खुर्चीत त्याची बायको, सुमित्राबाई. लकव्यानं तिची एक बाजू गेली होती. पण शाळेनं आईवडील दोघांनाही बोलावलं होतं. दहावीतली आचल आईच्या खुर्चीची पाठ धरून उभी होती.

"आन् सायन्स?" उदारामनं विचारलं.

मॅडमनी सगळ्यांत बुटक्या पट्टीवर बोट ठेवलं.

उदारामचा चेहरा पडला. "मी तिले म्हणलो होतो जी, चाचणीत सायन्स निघालं तं गोंदियाले होस्टेलात ठेवतो. मायकडे पाहाले माह्या बहिणीले बोलावूनही ठेवलो होतो. नाही निघालं तं घरीच राहाजो, इथंच आर्ट्स करजो. हव म्हणली होती ते."

"मग झालं तर."

"आमीबी तसंच करतो ना. पोत्यात परखीची नळी खुपसली का मूठभर धान बाहेर येते. तेवढ्यात सारं पोतं समजते. रिकामं कायले करा लागते?"

"बिल्कुल," मॅडम हसल्या.

"मॅडम, ते चूक आहे," आचल म्हणाली. "गणितात मी वर्गात पहिली येते."

"मार्क वेगळे, कल वेगळा, बेटा. आणि ही उत्तरं तुझीच आहेत ना?" मॅडम वाचू लागल्या. "बिघडलेलं यंत्र उघडून पाहायला आवडते? अजिबात नाही. मोठ्या माणसांना प्रश्न विचारायला? अजिबात नाही. दूरच्या गावी एकटीनं राहायला? अजिबात नाही. घरातल्या आजारी माणसाची सेवा करायला?" त्या थांबल्या आणि सुमित्राबाईकडे बघून हसल्या. "खूप आवडते."

सुमित्राबाईचा अर्धा चेहरा हसला. चांगला हात मागे नेऊन तिनं आचलचं मनगट चाचपलं आणि धरलं.

"माही पोरगी," ती म्हणाली. शब्द जड होते, पण सगळ्यांना कळले.

"मी तसं लिहिलं, कारण तेच बरोबर उत्तर होतं," आचल म्हणाली.

"मी वर्गात सांगितलं होतं. यात बरोबर आणि चूक असं काही नसतं."

"सगळेच सर आधी असंच सांगतात. मग लाल पेनानं तपासतात."

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. "म्हणजे तू खोटं लिहिलंस? कोणतं कोणतं?"

"यंत्राचं खोटं आहे. घरचा मिक्सर मीच उघडते. दूर राहायचंही खोटं आहे. मला जायचं आहे."

"आणि हे?" मॅडमनी शेवटच्या प्रश्नावर बोट टेकवलं.

आचलनं खाली पाहिलं. आईची बोटं अजून तिच्या मनगटावर होती.

"सांग ना वो," उदाराम म्हणाला. "मॅडम विचारून राहिल्या. खरं असन ते सांग. मी रागावत नाही."

"तेबी खोटं आहे." एवढं बोलून ती थांबणार होती. पण शब्द पुढे निघालेच. "नाही आवडत मले. उठल्याबरोबर तिचंच सारं करा लागते. साबण लावून धुतलं तरी हाताचा वास जात नाही. शाळेत डबा उघडला का तोच वास येते. कधीच नाही आवडलं मले."

सुमित्राबाईची बोटं सैल पडली. हात हळूहळू मांडीवर आला.

बाहेर मैदानावर कोणीतरी शिट्टी वाजवली. मुलांचा गलका झाला आणि विरला.

"आता परत घ्या चाचणी," आचल म्हणाली. "आता मी सगळं खरं लिहीन."

"परत?" मॅडमनी टॅबचं कव्हर लावलं. "नाही बेटा. एका विद्यार्थ्याला एकदाच. सिस्टम लॉक हो जाता है."

"मग तुम्ही विचारलं कशाला?"

"तू मोकळी व्हावीस म्हणून. याला समुपदेशन म्हणतात." मॅडमनी दाराकडे पाहिलं. तिथे पुढचे पालक येऊन उभे होते. "रिपोर्ट मोबाइलवर येईल."

आचल वडिलांकडे वळली. "बाबा, तुमी तं आयकलं ना आता?"

"आयकलो." उदाराम उठला. त्यानं मॅडमना हात जोडले. "पण बोली चाचणीची झाली होती, पोरी. चाचणी तं हेच सांगून राहिली."

तो बायकोच्या खुर्चीमागे गेला, वाकला आणि तिच्या काखेत हात घातले.

"धर मायचे पाय," तो म्हणाला. "आटोवाला कधीचा थांबून आहे."

आचल पुढे येऊन खाली बसली. तिनं हात पुढे केले. सुमित्राबाईनं एक पाय मागे, खुर्चीखाली ओढून घेतला. दुसरा तिला हलवता आला नाही.