सातवा नमुना

अख्खं वर्ष पंचगंगेत उतरून रूपालीनं पाण्याचे नमुने घेतले, तपासले. अहवालावर नाव मात्र खराडे सरांनी आपलं एकट्याचं घातलं. वर ऑनलाइन सादरीकरणाच्या दिवशी म्हणाले, “तू नुसता कॅमेरा लाव.”

तिनं लावला. प्राचार्यांच्या देखत पडद्यावरून ॲनानं, जर्मनीत बसून याच संशोधनात काम करणाऱ्या पोरीनं, विचारलं, “सर, सातवा नमुना इतका स्वच्छ कसा?”

“वर राधानगरी धरणाचं पाणी ते. मी स्वतः भरून आणलं,” सरांनी ठोकून दिलं.

रूपालीनं माइक ओढला, खरं काय ते इंग्रजीत सांगून टाकलं आणि सरांकडं वळली. “बॅटरीत घालायचं पाणी हाय की ते, सर. यंत्र नीट चालतंय का बघायला दुकानातनं आणलेलं.”

ॲनाला नवल वाटलं नाही. तो प्रश्न तिला रूपालीनंच लिहून पाठवला होता.