ठिकाणाचा रकाना

लेकाने पाठवलेली खेकड्यांची पेटी दारात आली आणि म्हातारीचे हात शिवशिवले. मत्स्यसंशोधन केंद्रात तीस वर्षं तिने खेकड्यांच्या पाठी मोजल्या होत्या. पाठीवर बोट फिरवून खेकडा कुठल्या पाण्यातला ते ती डोळे झाकून सांगायची. लेक दूरच्या बंदरावर मासेमारीला. यायला दोन दिवस लागतात, म्हणून तीन वर्षं फिरकला नव्हता. सवयीने तिने मोजपट्टी लावली. तिकडचे खेकडे रुंद पाठीचे. हे अरुंद, समोरच्या खाडीतले, होडीने अर्ध्या तासावरचे. तिने पुन्हा मोजलं. फोन वाजला. "मिळाले का, आई? इथे मीच पकडलेत." "मिळाले रे. छान आहेत." "यायचं फार मनात आहे, पण…" "एवढ्या लांबून कशाला जिवाची दगदग करतोस?" फोन ठेवून तिने जुनी वही उघडली. मापं खरी लिहिली. ठिकाणाच्या रकान्यात मात्र लेकाने सांगितलेलंच बंदर लिहिलं.