रुग्णाशी नाते

"जोर लावू नकोस!" अंजना सिस्टर चौथ्यांदा ओरडल्या, आणि टेबलावरच्या पोरीने चौथ्यांदा जोर लावला.

पडद्याबाहेरून तिच्या मालकाने, गोरखने मदत केली. तेच वाक्य त्याने हिंदीत, दुप्पट आवाजात म्हटलं. बाहेरून आलेल्या मजुरांना आवाज वाढवला की समजतं, असा पिंपरी पेंढारच्या टोमॅटोवाल्यांचा अनुभव होता.

पोरीच्या पोटावर जुन्या सिझरचा व्रण होता. कळा जोरात होत्या, पिशवीचं तोंड मात्र पुरतं उघडलं नव्हतं. अशीच जोर लावत राहिली तर व्रणावर पिशवी फाटणार, आणि मग आईही नाही, बाळही नाही. ऑपरेशनचे डॉक्टर गुरुवारी यायचे. आज मंगळवार होता. मोठ्या दवाखान्यात न्यायला ॲम्ब्युलन्स निघाली होती. पंचेचाळीस मिनिटं.

"नवरा कुठंय हिचा?"

"माल घेऊन वाशीला गेलाय. फोन लागंना."

"आहे कुठली?"

"राजस्थानकडची. कामाला लई चांगली हाय," गोरख म्हणाला. उपचारात त्याचाही उपयोग होईल, असं त्याला वाटलं असावं.

केसपेपरवर नावाच्या जागी 'गोरखकडची बाई' असं लिहिलं होतं.

राजस्थान म्हटल्यावर जे सुचायचं तेच सगळ्यांना एकदम सुचलं. समोरच्या कापडदुकानातून पुनमचंदना बोलावून आणलं. ते पडद्याकडे पाठ करून उभे राहिले.

"सिस्टर, मला कुठली येतेय ती भाषा? आमचे पणजोबा आले इथं. मी शाळेत मराठीत पहिला होतो."

"मंग तुमाला मारवाडी कशापायी म्हणत्यात?" गोरख हिरमुसला.

"ते मी पन्नास वर्षं विचारतोय."

आत पोर पुन्हा ओरडली. पुनमचंदनी डोळे मिटले. "आईला येते. ती तिकडूनच लग्न होऊन आली. पण आत्ताच सामायिकाला बसलीय, आमचं जैनांचं ध्यान. अठ्ठेचाळीस मिनिटं. तोंडाला पट्टी, समोर वाळूचं घड्याळ. मधे खोटं बोलायचं नाही, गाडीत बसायचं नाही, शक्यतो उठायचंसुद्धा नाही."

"शेठ, जाऊन सांगा तरी."

सात मिनिटांनी त्यांच्या आई मोहनबाई अनवाणी चालत आल्या. तोंडावर पांढरी पट्टी तशीच. वाळूचं घड्याळ त्यांनी हातात सरळ धरून आणलं होतं, ते इंजेक्शनच्या ट्रेशेजारी ठेवलं. मग पोरीच्या कपाळावरचे केस मागे सारून त्या काहीतरी बोलल्या.

पोरीने पहिल्यांदाच कुणाच्या तरी तोंडाकडे पाहिलं. आणि न थांबता बोलत सुटली.

"अर्धंच कळतंय," मोहनबाई म्हणाल्या. "हिचा मुलूख वेगळा, आमचा वेगळा."

"अर्धं चालेल, आजी. सिझर कधी झालं विचारा."

"मागची होळी सोडून त्याच्या आधीच्या होळीला. पोर वाचलं नाही. कुणी काही सांगितलं नाही, बायका नुसत्या अंगावर ओरडत होत्या म्हणते." मोहनबाईंनी पोरीचं कपाळ पुसलं. "या खेपेला कापायच्या आत बाहेर काढायचंय तिला. म्हणून जोर लावते. तुम्ही ओरडलात की जास्त लावते."

अंजना सिस्टरचा आवाज त्या दुपारी पहिल्यांदाच खाली आला. "तिला सांगा, कापणार नाहीत. थांबेल ती."

मोहनबाईंनी वाळूकडे पाहिलं. "सामायिक चालू आहे माझं."

"आजी, जीव जाईल हिचा!"

"मी आत्ता कापणार नाहीत म्हणायचं, आणि तिकडं हिला सुरी दिसायची. मग कुणाचं ऐकेल?"

मोहनबाई पोरीच्या कानाशी वाकल्या आणि बराच वेळ बोलल्या. बाहेर पुनमचंद ऐकत होते. आईला त्या भाषेत इतकं सलग बोलताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. एक शब्द कळला, छोरी.

पोरीने किंकाळी फोडली आणि त्यांचा हात झिडकारला. पुढची कळ आली. हात चाचपत परत आला, मोहनबाईंचं मनगट सापडलं. पदर दातात धरून पोर थरथरत राहिली. जोर लावला नाही.

"काय सांगितलंत?"

"कापणार म्हणून सांगितलं. आणि कापायच्या आधी एकेक गोष्ट मी तुला सांगेन, तुझ्या बाजूला उभी राहून, असं सांगितलं."

"तिथं? तुम्ही?"

"आता बोलून बसले." मोहनबाईंनी केसपेपरकडे बोट केलं. "हिचं नाव थावरी. ते खोडा."

पुढच्या अर्ध्या तासात चौदा कळा आल्या. दोनदा थावरीला राहवलं नाही. अंजना सिस्टर बाळाचे ठोके मोजत होत्या आणि आकडा कुणालाही सांगत नव्हत्या.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा वरच्या काचेत बोटभर वाळू उरली होती. थावरीला आत सरकवलं, तरी तिने मनगट सोडलं नव्हतं. गाडीच्या डॉक्टरने दारात फॉर्म धरला.

"सोबत एकच नातेवाईक. रुग्णाशी नाते?"

"सासू म्हणा," सिस्टर कुजबुजल्या.

मोहनबाई नाही म्हणून मान हलवून गोरखकडे वळल्या. "गोरख, साठ वर्षं झाली मला या गावात. गाव काय म्हणतं रे आम्हाला?"

गोरखने मान खाली घातली. "मारवाडी."

"तेच लिहा," त्या डॉक्टरला म्हणाल्या.

"आई," पुनमचंद घड्याळ घेऊन धावत आले, "थोडीच राहिलीय. गाडीत बसलीस तर मोडेल."

"मोडू दे." मोहनबाईंनी तोंडावरची पट्टी सोडली आणि एका हाताने दांडा धरून त्या आत चढल्या.

गाडी हायवेला लागेपर्यंत थावरीचा आवाज ऐकू येत होता. पुनमचंद दवाखान्याच्या अंगणात भर उन्हात उभे होते. घड्याळ त्यांनी दोन्ही हातांनी सरळ धरलं होतं. वाळू अजून पडत होती.