दोन्ही तोंडं बंद

गल्लीच्या वरच्या तोंडाशी विटांचा शेवटचा थर बसत होता, तेव्हा इजलालला आठवलं की खालचं तोंडही बंद आहे.

ती पाव घेऊन खालूनच आली होती. तिथे सकाळीच झाडं लावायला विटांचा कंबरेइतका पक्का वाफा उभा राहिला होता. बाजूने एक माणूस अंग चोरून जाईल एवढी फट. तिला बरं वाटलं होतं. मोटरसायकली आता पोरांच्या अंगावर येणार नाहीत. आणि आता वरही तसाच वाफा, तशीच फट. मध्ये नव्या चुन्याने उजळलेली गल्ली, आणि गल्लीच्या मधोमध, वरच्या मजल्यावर, झोपलेला तिचा मुलगा वाइल.

"सी बूजमा," गल्लीच्या वरच्या भागातल्या मंडळाच्या अध्यक्षांना ती म्हणाली, "गाडी कुठून येणार?"

"गाडी येऊ नये म्हणून तर हा खटाटोप, पोरी." बूजमा हसले. त्यांचे हात कोपरापर्यंत सिमेंटने माखले होते. "आणि अडलंच तर खालचं तोंड आहे की मोकळं."

"खालचंही बांधलंय."

बूजमांची थापी हातातच राहिली. खालच्या मंडळाचे अध्यक्ष सी महजूब नेमके वरच्या मंडळींसाठी पुदिन्याच्या चहाचं तबक घेऊन आले होते. ते तबकासकट थांबले.

"बैठकीत एकच तोंड बंद करायचं ठरलं होतं," महजूब म्हणाले. "मी म्हटलं होतं, त्रास आमच्याकडे. तुम्ही मोकळे राहा."

"तेच मीही म्हटलं होतं. तुम्ही मान डोलावलीत."

"ती चहात साखर पुरे म्हणून डोलावली असेल हो!"

विटा देणारे हसले. बूजमाही हसले, मग गंभीर झाले. "काही बिघडलं नाही. सिमेंट ओलं आहे. आमचं पाडतो."

"अल्लाशपथ, तुमच्या एका विटेला हात लावू देणार नाही! पाडायचं तर आमचं."

"तुमचं सकाळचं आहे, सुकलंय. आणि पहिला मान तुमचा."

"मी शपथ घातलीय, सी बूजमा."

कुणीच मागे हटेना. शेवटी शुक्रवारच्या नमाजनंतर दोन्ही मंडळांनी एकत्र बसायचं ठरलं. पेले भरले गेले. समुद्रावरून सफी शहराचा नेहमीचा वारा सुटला होता. विटांमधलं सिमेंट कडेकडेने पांढरं पडू लागलं होतं. इजलालने बोट टेकवून पाहिलं. ठसा उमटला, पण जेमतेम.

"शुक्रवारपर्यंत थांबता येणार नाही," ती म्हणाली.

"का गं?" समोरच्या खिडकीतून शेजारीण खदूज ओरडली. "कुठे निघालीस एवढी? गाडी मागवलीस की काय?"

इजलालने वर पाहिलं. खदूजच्या खिडकीकडे नाही, आपल्या. जाळीमागे सासूबाईंचा, लल्ला तामूंचा, पांढरा रुमाल दिसत होता. गेल्या महिन्यात टॅक्सी पार दारापर्यंत आली होती आणि नवऱ्याने वाइलला चादरीत गुंडाळून खाली नेलं होतं. दुसऱ्या दिवशी तामूंनी गल्लीत सांगितलं होतं, नात्यात बारसं होतं. सुनेला आत घेऊन बजावलं होतं, "कुणापाशी बोलायचं नाही. एकुलता एक आहे. लोकांची नजर वाईट."

आता नवरा सार्डिन मासे पकडणाऱ्या बोटीवर होता.

"वाइलला दमा आहे," इजलाल म्हणाली.

आवाज नको तेवढा मोठा निघाला.

"धाप लागली की त्याचे ओठ निळे पडतात. त्याचा बाप इथे नसतो. मी त्याला खांद्यावर टाकून हमरस्त्यापर्यंत पळू? पळता पळता त्याचा श्वास बघू, का पाय कुठे पडतोय ते बघू?"

तिने पाव वाफ्याच्या कडेवर ठेवले आणि वरच्या थरातली वीट दोन्ही हातांनी हलवली. ती निघाली, खाली चिकट धागे सोडत. दुसरीला नखं लावावी लागली.

खदूज खिडकीतून दिसेनाशी झाली. मग खाली आली, पायांत चपलाही नव्हत्या. तिने तिसरी वीट धरली.

"आमच्या ह्यांच्या हृदयात झडप बसवलीय," ती विटेकडे बघतच म्हणाली. "माराकेशला जातो म्हणून सांगितलं होतं, पण उन्हाळ्यात आम्ही तिथे गेलोच नव्हतो."

"आमच्या नइमाला फिट येतात," मागून कोणीतरी म्हणालं. एवढं हळू, की बाकीच्यांनी मान वळवली नाही. पण एक बाई पुढे झाली आणि तिने पदर खोचावा तसा अंगातल्या पायघोळ जेलाबाचा घोळ कमरेला खोचला.

बूजमा महजूबांकडे पाहत राहिले. "तुमची शपथ..."

"शपथ मोडल्याचे रोजे मी धरीन." महजूबांनी तबक उंबऱ्यावर ठेवलं आणि बाह्या वर सारल्या. "सरका जरा. हा कोपरा बायकांना निघायचा नाही."

"निघतोय आम्हाला," खदूज म्हणाली.

दुसरा थर निघत असताना मागचे लोक बाजूला सरकले. इजलालने मान वर केली नाही. पायांच्या आवाजावरून तिने ओळखलं. लल्ला तामू खाली आल्या होत्या. कडेवर वाइल, झोपेने गाल तांबडे झालेला. त्याचा श्वास बारीक शिट्टीसारखा वाजत होता आणि आता तो सगळ्यांना ऐकू येत होता. सासू काय बोलणार, हे ऐकायला इजलाल वीट हातात धरूनच उभी राहिली.

तामूंनी नातवाला रुमालाआड घेतलं नाही. सिमेंटने भरलेल्या एकेका हाताकडे पाहिलं.

"निळं दार," त्या म्हणाल्या. "याला धाप लागली तर कुणीही या, जिना चढलात की डाव्या हाताची खोली. आजपासून आम्ही आतून कडी लावणार नाही."