निळ्या सिलिंडरची किल्ली

खुर्ची आडवी होऊ लागली तसे दाढ काढायला आलेले काका उठून उभे राहिले. छातीवर कागदी रुमाल तसाच, पायात एकच चप्पल.

"मी सोमवारी येतो," ते म्हणाले.

तिचा हात तेव्हा सिलिंडरच्या किल्लीवर होता. ऑक्सिजन उघडून झाला होता. शेजारचा निळा, भीती उतरवणाऱ्या वायूचा, उघडायचा राहिला होता. तिने किल्ली एप्रनच्या खिशात टाकली आणि काकांच्या समोर येऊन उभी राहिली. ती दातांची डॉक्टर, आणि आज तिची हा वायू द्यायची परीक्षा होती; रुग्ण निघून गेला तर परीक्षा संपली. तिची ही दुसरी खेप होती. या वेळी नापास झाली तर आणखी एक वर्ष, आणि तोवर तिच्या दवाखान्यातले घाबरट रुग्ण दुसऱ्या कुणाच्या तरी खुर्चीत.

परीक्षक कोपऱ्यात, खुर्चीपासून जमेल तितक्या लांब उभे होते. ते भूलतज्ज्ञ. पंधरा वर्षं दातांच्या डॉक्टरांना एकच गोष्ट शिकवत आलेले: रुग्णाला झोपवायचं नाही, नुसती भीती उतरवायची. तो जागा हवा, विचारलं की उत्तर देणारा हवा. शिकवताना मध्येच ते उजव्या गालावर तळवा ठेवत आणि डोळे बारीक करत. तसं झालं की समोरच्याचे मार्क गेले, यावर सगळ्या बॅचचं एकमत होतं. त्यांच्यामागे सगळे त्यांना गालसर म्हणायचे. गेल्या परीक्षेत तो हात गालावरून हललाच नव्हता. शेवटी सर एवढंच म्हणाले होते, "त्या बाई तीनदा म्हणाल्या की हात जड झालाय. तुम्ही मीटर वाचत होतात."

म्हणून या वेळी तिने ठरवलं होतं, मीटरकडे बघायचंच नाही. माणसाकडे बघायचं.

"सोमवारी या," ती काकांना म्हणाली. "पण जायच्या आधी एक सांगा. तुम्ही लिफ्ट दुरुस्त करता ना? दोर तुटला तर ती खरंच धाडकन खाली येते?"

काका थांबले. इतकं अज्ञान तसंच सोडून जाणं त्यांच्या जिवावर आलं.

"एक दोर नसतो, ताई," म्हणत ते खुर्चीच्या कडेला टेकले. "पाच-सहा असतात. आणि सगळे तुटले तरी खाली ब्रेक असतो, तो रुळाला चावाच घेतो. पडत नाही लिफ्ट."

"मग आत अडकलेले लोक एवढे घाबरतात कशाला?"

"त्यांच्याशी कुणी बोलत नाही म्हणून. मी पोचलो की आधी बाहेरून गप्पा मारतो. दाराचं नंतर."

बोलता बोलता ते मागे टेकले. तिने नाकावर मास्क बसवला आणि यंत्राची कळ सवयीने थोडी थोडी फिरवत गेली. दर खेपेला विचारत गेली.

"बोटांना मुंग्या येतायत?"

"आल्या."

"पाय जड वाटतायत?"

"वाटतायत. छान वाटतंय."

तिने मनगट धरून नाडी मोजली. एकशे अठरावरून ब्याऐंशीवर आली होती. मग हिरडी बधिर करायचं इंजेक्शन. त्यानंतर काका फक्त अंगठ्याने उत्तरं देत होते. मालवाहू लिफ्टला वेगळे दोर लागतात का, या प्रश्नाला अंगठा वर झाला. दाढ बाहेर आली तेव्हाही तो वरच होता.

"औषध भारी आहे," निघताना काका तोंडातला कापूस सांभाळत म्हणाले. "पण पुढच्या वेळी जरा कमी द्या. अजून तरंगतोय मी."

या वेळी दोन्ही चपला घालून ते गेले.

सिलिंडर बंद करायला तिने यंत्रावर किल्ली शोधली. किल्ली तिच्या खिशात होती. निळा सिलिंडर सकाळी बंद होता तसाच बंद होता. मीटरवरच्या त्याच्या नळीतली गोळी, जी वायू सुरू झाला की वर तरंगते, तळाशी स्वस्थ बसून होती. काकांनी अर्धा तास नुसता ऑक्सिजन ओढला होता.

सर पाठमोरे उभे राहून निकालाचा कागद भरत होते. किल्ली लावून अर्धा फेरा फिरवायला तीन सेकंद लागले असते, आणि निळा उघडाच होता असं दिसलं असतं. तिने ते तीन सेकंद मनात मोजले. मग जाऊन किल्ली त्यांच्या कागदावर ठेवली.

"सर, वायू दिलाच गेला नाही."

"माहीत आहे. गोळी मी पहिल्या मिनिटापासून बघत होतो."

"मग मला थांबवलं का नाही?"

"ऑक्सिजनने त्यांना काही होणार नव्हतं. आणि मला पुढचं बघायचं होतं." त्यांनी मान वर केली नाही. "पण वायू द्यायच्या परीक्षेत वायू न देणाऱ्याला पास करता येत नाही, डॉक्टर."

"नाही, सर."

त्यांनी 'नापास' लिहिलं. सही केली, खाली तारीख घातली, पेनाला टोपण लावलं. मग त्यांचा तळवा उजव्या गालावर गेला. आता मार्क कापायला आणखी काय उरलंय, ते तिला कळेना.

सरांनी कागद फाइलीत ठेवला. चष्मा काढला. पंधरा वर्षं जिच्यापासून लांब उभे राहिले होते त्या खुर्चीकडे चालत आले, आणि काका टेकले होते तसेच कडेला टेकले. किल्ली त्यांनी तिच्यापुढे धरली.

"उजवीकडची, खालची दाढ," ते म्हणाले. "सहा वर्षं झाली. ही खिशातच राहू द्या, आणि मला काहीतरी विचारा."