घाण : नाम, स्त्रीलिंगी

"आज काही झालं तरी घाण संपवायची," थोरले संपादक म्हणाले, आणि शब्दकोशाच्या कचेरीत कुणी हसलंसुद्धा नाही. तीन दिवस सगळे त्या एका शब्दावर अडले होते.

अडवून धरलं होतं सहायक बाईंनी. "सर, अर्थ एकदम 'दुर्गंध' असा नका देऊ. मूळ शब्द घ्राण. म्हणजे नाक, आणि नाकाला येईल तो कुठलाही वास. चांगला-वाईट नंतर ठरलं. नाव मागाहून बद्दू झालं बिचारीचं."

"रस्त्यावर जाऊन विचारा, बाई. घाण म्हणजे घाण."

बाई पुन्हा कागदाकडे वळल्या. वासावर भांडायला त्यांच्याकडे होतं काय? आठ महिन्यांपूर्वीच्या तापानंतर नाक नावापुरतं उरलं होतं. दूध करपलं तरी कळायचं नाही. डॉक्टरांनी हात टेकले होते. नात झाली, तिला छातीशी धरलं, ऊब लागली. बाळाचा वास काही आला नाही. हे मात्र त्या घरीही कुणाला बोलल्या नव्हत्या.

तेवढ्यात खाली तुंबलेल्या गटाराचं झाकण उघडलं. कचेरीत एकच धांदल. खिडक्या धडाधड मिटल्या. बाई मान खाली घालून लिहीत होत्या. लिहिता लिहिता थांबल्या. नाकात काहीतरी टोचलं. त्यांनी श्वास घेतला. पुन्हा घेतला, पोटभर. मग उठल्या आणि खिडकी सताड उघडली.

"अहो बाई, काय करताय! घाण येतेय!"

"येतेय ना, सर?" बाईंचे डोळे वाहत होते. "मलाही येतेय!"

जिना कशा उतरल्या, त्यांचं त्यांना कळलं नाही. गटाराच्या काठावर एक कामगार लांब बांबूनं गाळ ढवळत होता.

"मावशी, लांब व्हा. वास सोसायचा नाही तुम्हाला."

"सोसतोय की! कुजका आहे... आंबट आहे... आणि हा, हा साबणाचा! दादा, सगळे वेगवेगळे कळतायत!" बाई पदरानं डोळे पुसत मोठ्यानं हसल्या.

कामगाराचा बांबू थांबला. इतक्या वर्षांत या कामापाशी कुणी हसत उभं राहिलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. त्यानं नाकावरचा रुमाल हळूच खाली ओढला आणि बाईंकडे बघत, जपून, एक बारीकसा श्वास घेऊन पाहिला.